एका नाताळाला एक घर

हस्तकलेच्या या पानासाठी यंदा नाताळच्या गावाबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली तीन घेते. पहिल्यालाच निम्म्याहून जास्त जागा जाणार आहे, तेवढी मला जाऊ द्या.

प्रश्न : ताई, तीन वर्षं झाली, नाताळात आम्ही बाहेरच्या खोलीत टेबलावर छोटं गाव मांडतो. पुठ्ठ्याची चार घरं, चर्च, गोठा आणि कापसाचा बर्फ. पण दिवा लावला की खिडकीऐवजी अख्खी भिंतच उजळते. गोठ्यातला बैल चर्चच्या दारात मावत नाही एवढा मोठा दिसतो. दरवर्षी नवीन काय करावं तेही सुचत नाही. यंदा मुलगा चिनी मातीच्या बर्फाळ गावाचा सेट ऑनलाइन मागवायचा म्हणून हटून बसलाय. सेट परवडत नाही आणि पोराला नाही म्हणवत नाही.
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : सेटमधलं एखादं घर सुटं मिळालं तर घ्या, अख्खा सेट नको. बाकीचं गाव हातानं करा, आणि तेही दरवर्षी एकच घर. माझ्या घरचं गाव असंच वाढलं, म्हणून ठामपणे सांगते.

आमच्या गावातली पहिली इमारत म्हणजे चर्च. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीसाठी, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यासाठी, लाकडी पॅटर्न करायचे. वाळूत साचा उठवायला लागतो तो नमुना म्हणजे पॅटर्न. १९७८ च्या डिसेंबरात त्यांनी उरलेल्या सागवानी तुकड्यांतून वीतभर उंचीचं चर्च केलं. ते आजही हातात घेतलं की भिंती वर जाताना जराशा निमुळत्या होत गेलेल्या बोटाला कळतात. पॅटर्न वाळूच्या साच्यातून अलगद सुटावा म्हणून त्याला असा उतार ठेवावा लागतो, आणि आतला कोपरा गोल भरून घ्यावा लागतो. वडिलांच्या हाताला तीच सवय. त्यामुळे आमच्या चर्चचे आतले कोपरेही गोल आहेत, जे कुणाला कधी दिसत नाहीत.

पुढच्या वर्षी आत्याच्या शेतावरचं गुऱ्हाळ झालं, काहिलीसकट. मग विहीर झाली. भाऊ एसटीत लागला त्या वर्षी स्टँड झाला. माझी मुलगी जन्मली त्या वर्षी दवाखाना, आणि त्याच्या पायरीवर डबा घेऊन बसलेली माझी आई. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जेवायला बसलं की आम्ही एकमेकांना विचारतो, यंदा आपल्याकडे काय झालं? त्यातून जे निघेल त्याचं घर करायचं. नवीन काय करावं हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही तो यामुळे.

बेथलेहेममध्ये गुऱ्हाळ कसं, असं पाहुणे विचारतात. मी त्यांना इटलीतल्या नेपल्सचं उदाहरण देते. तिथले कारागीर ख्रिस्तजन्माच्या देखाव्यात गोठ्याभोवती आपल्याच गल्लीतले पाववाले, मासेवाले, भाजीवाले बसवत आले आहेत. बाळ जन्मलं ते आपल्या शेजारी, हीच त्यामागची भावना आहे आणि मला ती मनापासून पटते. मुळात या मांडणीची सुरुवात सांगतात तीही साधीच आहे. १२२३ मध्ये इटलीतल्याच ग्रेचो गावात संत फ्रान्सिस यांनी गव्हाणीत गवत घालून, खरा बैल आणि गाढव उभं करून नाताळची रात्र लोकांसमोर उभी केली. सगळं जवळपास मिळालं तेच होतं.

मुलाला त्याच्या सेटचीही गोष्ट सांगा, त्याला आवडेल. जर्मनीकडून अमेरिकेत गेलेले मोराव्हियन ख्रिस्ती लोक नाताळात गव्हाणीभोवती शेवाळ, दगड आणि छोटी घरं मांडत. त्याला ते ‘पुट्झ’ म्हणतात, जर्मनमधल्या सजवणं या अर्थाच्या शब्दावरून. पुढे पहिल्या महायुद्धानंतर जपानमधून पुठ्ठ्याची रंगीत घरं अमेरिकेत जाऊ लागली. त्यांच्या पाठीला भोक असायचं, त्यातून माळेतला दिवा आत सरकवायचा. दिवे लागणारी चिनी मातीची बर्फाळ घरं १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीनं बाजारात आणली, तीही सुरुवातीला सहाच. म्हणजे तुमच्या मुलाला हवा असलेला सेट हा तुम्ही करताय त्या पुठ्ठ्याच्या घरांचाच धाकटा भाऊ आहे.

आता भिंत उजळण्याचं. पुठ्ठ्यातून आणि जोडातून उजेड झिरपतो, म्हणून घर चिकटवण्याआधी आतून काळा पोस्टर कलर दोन हात द्या. वाळल्यावर कोपऱ्यांना आतून काळ्या कागदाची पट्टी लावा. खिडकी कापून तिला मागून बटर पेपर लावा आणि त्यावर पिवळ्या क्रेयॉनचा अगदी पुसट हात फिरवा. एका तरी खिडकीत कागदाची माणसाची आकृती कापून चिकटवा. रात्री खोलीतला दिवा बंद केला की आत कुणीतरी उभं आहे असं वाटतं. आमच्या दवाखान्याच्या खिडकीत परिचारिका आहे, तिच्या टोपीचं टोक बटर पेपरला टेकत नाही म्हणून जरा धूसर दिसतं. मला ते फार आवडतं.

दिवे एलईडीचेच घ्या, पिवळसर उजेडाचे, कमी व्होल्टच्या अडॅप्टरवर किंवा सेलवर चालणारे. जुन्या तापणाऱ्या बल्बची माळ पुठ्ठ्यात घालू नका. कापूसही दिव्याला लागून ठेवू नका, तो भुरकन पेटतो. मी कापूस सोडूनच दिला. छपराच्या कडेला ब्रशनं फेव्हिकॉल लावायचा आणि चाळणीतून पांढरी रांगोळी भुरभुरायची. जास्त झालेली फुंकरीनं उडते. आमच्याकडे बर्फ फक्त विकतच्या एका घरावर आहे, ते घर शेजारणीनं दिलंय म्हणून. गुऱ्हाळावर बर्फ घालायला माझा हात होत नाही.

बैलाचं माप असं बसवा. आधी माणूस ठरवा, मग घर. बाहुलं तीन इंचाचं असेल तर दार साडेतीन इंच, भिंत पाच-सहा इंच. या मापाची माणसं, बैल आणि गोठा पुढच्या कडेला. मागची घरं त्याच्या निम्म्या मापाची करा आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यावर कापड टाकून उंच ठेवा. मागच्या घरांजवळ माणूस मात्र उभा करू नका, लगेच बिंग फुटतं. मातीचे बैल मी आषाढातच, बेंदराला म्हणजे बैलांच्या सणाला, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून घेऊन ठेवते. डिसेंबरात शोधत बसलात तर मिळणार नाहीत.

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती नाही. मुलीच्या मैत्रिणीकडचं गाव बघून मुलीलाही ते करायचंय. दिवाळीचा किल्ला अजून अंगणात आहे. त्यावरच नाताळचं गाव मांडलं तर चालेल का? आणि आम्ही मांडलेलं कुणाला खटकणार तर नाही?
– एक वाचक, कागल

उत्तर : खटकेल कशाला! रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या इथला नाताळ आणि इथली दिवाळी शेजारी शेजारी राहत आली आहे. लहानपणी मी दिवाळीत समोरच्या वाड्यातल्या पोरांबरोबर पोती भिजवून किल्ल्यावर टाकली आहेत, आणि तीच पोरं डिसेंबरात आमच्या चर्चची खिडकी पुसायला यायची.

फक्त किल्ल्यावर गाव मांडू नका. महाराज जिथं बसवले ती जागा त्यांचीच राहू दे. मावळे नीट कागदात गुंडाळून ठेवा, किल्ला उतरवा, आणि त्याच मातीची घरात पाटावर छोटी टेकडी करा. गवळण, शेतकरी, मेंढ्या असतील तर त्या इकडे खुशाल येऊ द्या, मेंढपाळांना मेंढ्या लागतातच. गवतासाठी हळीव पेरा, पण थंडीत उगवायला वेळ घेतो, म्हणून १६-१७ डिसेंबरलाच ओल्या पोत्यावर टाका. ओल्या मातीजवळून वायर नेऊ नका.

मुलीसाठी एक गंमत सांगते. गव्हाणी २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची, बाळ तेव्हाच ठेवायचं. आणि बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, गोठ्यात सुरुवातीपासून उभे करायचे नाहीत. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटावर किंवा टीव्हीजवळ ठेवायचे आणि २५ पासून रोज थोडे पुढे सरकवायचे. टेबलावर आले की रोज चार बोटं. ६ जानेवारीला ते गोठ्याशी पोचतात. सकाळी उठल्यावर आमची नात दात घासायच्या आधी उंट सरकवते.

प्रश्न : हे सगळं वर्षभर ठेवायचं कुठं? पावसाळ्यात पुठ्ठा मऊ पडतो आणि कसर लागते.
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : ७ जानेवारीला कडक उन्हात दोन तास घरं ठेवा, मग जुन्या सुती साडीच्या तुकड्यात एकेक गुंडाळून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. तळाला कडुलिंबाचा वाळका पाला. रांगोळी लावलेली छपरं वरच्या थरात. सेल काढायला विसरू नका, ते आत पाझरतात. आणि डबा माळ्यावर ठेवा, खाली कधीच नाही.

हे मी नुकसान सोसून शिकले. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या खालच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं आणि गावाची खोकी कॉटखाली होती. पाणी उतरल्यावर आत गेलो तर पुठ्ठ्याच्या अकरा घरांचा एकच गोळा झालेला. स्टँड कुठला, दवाखाना कुठला, ओळखू येईना. सागवानी चर्च तेवढं तरंगत जाऊन खिडकीच्या गजात अडकलं होतं. त्याच्या दाराच्या मध्यावर गाळाची आडवी रेघ आहे. पुतण्या पॉलिश करून देतो म्हणत होता, मी नको म्हटलं.

दवाखाना त्याच डिसेंबरात पुन्हा केला. बाकीचं वर्षाला एक या हिशेबानं चाललंय, अजून पाच घरं बाकी आहेत.

एक राहिलंच. प्रत्येक घराच्या तळाला साल लिहा आणि ते पेन्सिलीनं लिहा. मी स्टँडच्या लाकडी फळीवर शाईच्या पेनानं लिहिलं होतं, तिथं आता निळा डाग आहे. चर्च उलटं केलं की वडिलांच्या कामावरच्या जाड पेन्सिलीनं लिहिलेलं ‘नाताळ ७८’ अजून वाचता येतं.