चित्रकला येत नसताना कार्टून मालिकांचे लेखन

प्रश्न : मी गेली काही वर्षे मुलांसाठी कथा लिहीत आहे. दूरचित्रवाणीवरील कार्टून मालिकांसाठी लिहावे अशी माझी इच्छा आहे, परंतु मला चित्रे काढता येत नाहीत. या क्षेत्रात माझा निभाव लागेल का आणि प्रवेश कसा मिळवावा?

उत्तर : चित्रपटगृहांत लघु व्यंगचित्रपट दाखवले जात त्या काळी भिंतीवर रेखाटने लावूनच कथा रचली जाई, त्यामुळे कथाविभागातील बहुतेक माणसे चित्रकार असत. हॅना-बार्बेरा ही अमेरिकी कार्टून निर्मितीसंस्था 1957 मध्ये स्थापन झाली आणि दूरचित्रवाणीसाठी थोड्या पैशांत आठवड्यामागून आठवडा भाग तयार करण्याची वेळ आली, तेव्हा चित्रांची संख्या घटली, संवादांवरचा भार वाढला आणि लिखित पटकथेला महत्त्व आले. चित्रे न काढणाऱ्या लेखकाला या क्षेत्रात जागा मिळाली ती अशी. आजही काही मालिकांत केवळ कथेचा आराखडा देऊन संवादांसह बाकी सारे स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांची क्रमवार रेखाटने, करणाऱ्या कलावंतांवर सोपवले जाते. तेथे आपला निभाव लागणे कठीण आहे, म्हणून कोणती मालिका कोणत्या पद्धतीने चालते, याची चौकशी आधी करावी.

पटकथेवर चालणाऱ्या मालिकेचा एक भाग साधारणपणे अकरा किंवा बावीस मिनिटांचा असतो. प्रथम काही ओळींत कल्पना, ती मान्य झाल्यावर काही पानांचा आराखडा, त्यानंतर पटकथेचा पहिला खर्डा आणि मग दुरुस्त्या, असा क्रम असतो. प्रत्येक टप्प्यावर स्टोरी एडिटरच्या, म्हणजे मालिकेच्या पटकथांवर देखरेख करणाऱ्या लेखकाच्या, आणि वाहिनीच्या सूचना येतात. बहुधा आवाज आधी ध्वनिमुद्रित होतात आणि चित्रे त्यांच्या मागून हलू लागतात, म्हणून सैल संवाद पुढे सुधारणे महागात पडते.

कथालेखकाला सर्वांत अवघड जाते ते पुढचे. अभिनेता मुद्रेने किंवा एखाद्या विरामाने पटकथेतील उणीव भरून काढतो; येथे मात्र पडद्यावरची प्रत्येक गोष्ट कोणीतरी बसून काढलेली असते. ‘मुलगा गर्दीच्या बाजारातून धावत जातो’ हे वाक्य कथेत फुकट मिळते, परंतु पटकथेत त्याचा अर्थ नवी पार्श्वभूमी, अनेक नवी पात्रे आणि त्या प्रत्येकाचे आरेखन असा होतो. तोच पाठलाग आधीच तयार असलेल्या घरात, दोन पात्रांत आणि एका दारात घडवून अधिक रंगतदार करणे, हे या लेखनातील खरे कसब आहे, आणि निर्माते ज्या लेखकाला पुन्हा बोलावतात त्याच्याकडे ते हमखास असते असे माझे मत आहे. पात्राच्या मनातील विचार लिहून भागत नाही. तो विचार कोणत्या कृतीतून दिसेल, हे लेखकालाच ठरवावे लागते.

प्रवेशासाठी एखाद्या चालू मालिकेचा अकरा मिनिटांचा नमुना भाग स्वतःहून पूर्ण लिहावा. ज्या मालिकेत काम हवे आहे तिचाच नमुना तिच्या निर्मात्यांना पाठवू नये, कारण कल्पनेच्या मालकीचे वाद टाळण्यासाठी ते तो सहसा वाचत नाहीत; त्याच धाटणीच्या दुसऱ्या मालिकेचा पाठवावा. केवळ नव्या मालिकेची कल्पना घेऊन गेलेल्या नवोदिताच्या हाती क्वचितच काही लागते. लेखनविभागातील सहायकाचे किंवा निर्मितीतील अन्य काम मिळाल्यास ते कमी लेखू नये. ‘स्कूबी-डू’ ही 1969 ची मालिका घडवणारे जो रूबी आणि केन स्पीअर्स हे मुळात हॅना-बार्बेरामधील संकलक होते. तेथूनच ते लेखनाकडे वळले आणि 1977 मध्ये त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली. एखादा विनोद किती क्षण टिकतो, हे संकलनाच्या टेबलावर जितके स्पष्ट कळते तितके अन्यत्र क्वचितच कळते.

प्रश्न : मालिकेसाठी मी निर्माण केलेल्या पात्रावर माझा हक्क राहतो का?

उत्तर : बहुतेक करारांनुसार राहत नाही. पॉल डिनी यांनी 1992 मध्ये बॅटमॅनच्या मालिकेतील एका भागासाठी हार्ले क्विन हे दुय्यम पात्र लिहिले आणि ब्रूस टिम यांनी तिला रूप दिले. पुढे ती कॉमिक्समध्ये व चित्रपटांतही गेली, पण मालकी कंपनीचीच राहिली. अमेरिकेत ॲनिमेशनचे बरेचसे लेखक 1952 मध्ये स्थापन झालेल्या ॲनिमेशन गिल्ड या कामगार संघटनेच्या करारांखाली काम करतात, आणि त्या करारांत पुनःप्रसारणाचा मोबदला लेखकाच्या हाती थेट येत नाही. ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेच्या लेखकांना 1998 मध्ये रायटर्स गिल्ड या लेखकांच्या वेगळ्या संघटनेचे संरक्षण मिळाले, ते त्यांनी एकजुटीने मागितल्यामुळे. ही व्यवस्था मला अन्यायकारक वाटते, परंतु ती ठाऊक असूनच सही करावी. मालिका संपली की कामही संपते, म्हणून दोन मालिकांमधील रिकाम्या महिन्यांची तरतूद मानधनातूनच करून ठेवावी. श्रेयनामावलीत आपले नाव कोणत्या शब्दांत येईल, हे करारात लिहून घ्यावे आणि जे पात्र स्वतःजवळच ठेवायचे आहे ते दुसऱ्याच्या मालिकेत वापरू नये.