‘सुरू’ की ‘चालू’?

शिरोली एमआयडीसीत मेंटेनन्स बघणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. इथरकॅट या, यंत्राचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या औद्योगिक नेटवर्कवर चालणाऱ्या नव्या मशीनची माहितीपत्रिका ते मराठीत करतायत. ‘स्टार्टअप कमांड’ला, म्हणजे उपकरण वर येताना त्याला पाठवल्या जाणाऱ्या सेटिंगच्या आज्ञेला, त्यांनी ‘चालू करण्याची आज्ञा’ असं लिहिलं, आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरला वाटलं की मोटर फिरवायची आज्ञा ती हीच. मग ‘सुरुवातीची आज्ञा’ म्हणावं का?

हो, तेच म्हणावं. ऑपरेटरचं काही चुकलं नाही, त्याने मराठी नीट वाचलं.

आपल्याकडच्या साखर कारखान्याचं बघा. बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, मग गव्हाणीत मोळी पडते, आणि आपण म्हणतो हंगाम सुरू झाला. पुढे जानेवारीत कुणी विचारलं तर उत्तर येतं, ‘कारखाना चालू आहे.’ बोलताना आपण दोन्ही शब्द मिसळतो, ‘शाळा चालू झाली’ सर्रास कानावर पडतं. पण चालू खातं, चालू वर्ष, चालू घडामोडी इथे ‘सुरू’ घालून बघा, जमत नाही. ‘लागणे’वरून ‘लागू’, तसा ‘चालणे’वरून ‘चालू’; त्यात चालतं असण्याची स्थिती आहे. ‘सुरू’ अरबी-फारसीतून आला, मूळ अर्थच आरंभ. ‘सुरुवात’ हे नामही त्याच मुळातलं. ‘चालू’वरून तसं नाम झालं नाही.

आता यंत्राकडे या. इथरकॅट बेकहॉफ या जर्मन कंपनीने २००३ साली आणलं. त्यातलं उपकरण एका दमात चालू होत नाही. इनिट, प्री-ऑप, सेफ-ऑप, ऑप अशा पायऱ्या चढतं. प्री-ऑपमध्ये मेलबॉक्सवरून, म्हणजे सुटे निरोप पाठवायच्या वाटेने, सेटिंग लिहिता येतं, पण मशीन चालवणारा चक्राकार (दर ठरावीक क्षणाला येणारा-जाणारा) डेटा अजून वाहत नसतो. सेफ-ऑपमध्ये इनपुट वाचता येतात, आउटपुट मात्र सुरक्षित अवस्थेत धरलेले असतात. खरं ‘चालू’ म्हणजे ऑप. स्टार्टअप कमांड जातात त्या पायरी ओलांडताना, बहुतेक प्री-ऑपवरून सेफ-ऑपला जाताना. उदाहरणार्थ, सर्व्हो ड्राइव्हच्या, म्हणजे मोटरवर ताबा ठेवणाऱ्या उपकरणाच्या, ६०६० या ऑब्जेक्टमध्ये (सेटिंगच्या कप्प्यात) ८ लिहिलं की ड्राइव्ह दर चक्राला नवी पोझिशन घ्यायला तयार होतो. मोटर अजून जागची हललेलीही नसते! अशा आज्ञेला ‘चालू करण्याची’ म्हटलं तर माणूस फसणारच, आणि फिरत्या यंत्रापाशी असं फसणं बरं नव्हे.

‘कमांड’ला ‘सूचना’ म्हणू नका. सूचना ऐकावी किंवा सोडून द्यावी. इथे ड्राइव्हने नकार दिला तर मास्टर, म्हणजे नेटवर्क चालवणारा मुख्य कंट्रोलर, बहुधा त्याला पुढच्या पायरीवर नेतच नाही. शिवाय ‘आज्ञावली’ हा शब्द प्रोग्रॅमसाठी मराठीत आहेच, त्याच्याशी ‘आज्ञा’चा मेळ बसतो.

‘सुरुवातीची’ म्हणजे पहिल्यांदाच, एकदाच दिलेली, असा अर्थ मात्र कुणी घेऊ नये. ही यादी मास्टरच्या प्रोजेक्टमध्ये असते आणि उपकरण दर वेळी वर येताना तीच जाते. म्हणून ‘दर सुरुवातीची आज्ञा’ असं एकदा व्याख्येत लिहावं, पुढे ‘सुरुवातीची आज्ञा’ पुरे. लिहिताना ‘सुरू’चा रू दीर्घ, ‘सुरुवात’चा ऱ्हस्व.

पत्रिकेतलं वाक्य मी असं करीन: ‘त्याच मॉडेलचा नवा ड्राइव्ह बसवल्यावर सुरुवातीच्या आज्ञा हाताने भरू नयेत, ड्राइव्ह चालू होण्याआधी मास्टर त्या स्वतः पाठवतो.’