अंडी घटली? बाटली बाजूला ठेवा, बल्ब लावा

थंडी पडली की दरवर्षी हेच फोन येतात. या आठवड्यातले तीन प्रश्न असे: शंभर कोंबड्यांची अंडी साठवरून तिसावर आली, दुकानदाराने 'हार्मोनचं टॉनिक' दिलंय, डोस दुप्पट करू का? चौदा आठवड्यांच्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांना, रात्रभर बल्ब लावला तर लवकर अंड्यावर येतील का? आणि खुडूक, म्हणजे अंडी द्यायचं सोडून उबवायला बसलेल्या, कोंबडीचं काय करायचं?

टॉनिक दुप्पट करायचं सोडा, त्याचा एक थेंबही नको. अंड्याचा हुकूम कोंबडीच्या डोक्यातून सुटतो. कवटीतून आत शिरलेला उजेड मेंदूतल्या पेशी थेट टिपतात; आंधळ्या पक्ष्यालाही दिवस लांबल्याचं कळतं. मग मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच हे संप्रेरक (हार्मोन) सुटतं, त्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही आणखी दोन संप्रेरकं सोडते, आणि ती रक्तातून अंडाशयाला कामाला लावतात. दिवस आखडला की ही साखळी थंडावते. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा, अंड्यावरच्या कोंबडीला हवेत १४ ते १६. ही संप्रेरकं प्रथिनांच्या जातीची, पाण्यातून पाजली तर दाण्यासारखी पचून जातात. बाटलीचं लेबल वाचा, बहुधा जीवनसत्त्वं निघतील. ती दुप्पट पाजून दिवस लांबत नाही.

बल्बला टाइमर घ्या. जादा उजेड पहाटे द्या, संध्याकाळी नाही. रात्री बल्ब फटकन बंद झाला की पक्षी दांडीवर चढायच्या आत अंधारात सापडतात. पहाटे चारला बल्ब लागला की दिवस उजाडेपर्यंत खाणंपिणं सुरू झालेलं असतं. पक्ष्याच्या उंचीला पेपर वाचता येईल एवढा उजेड बास. आठवड्याला अर्धा तास वाढवत न्या, १६ तासांवर थांबा. अंड्यावर असताना उजेड कमी करू नका, आज लावला उद्या विसरलो असंही नको. त्याआधी उवा, जंत, पाणी आणि पीस झडतंय का, एवढं बघून घ्या. लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबडीचं) आणि शिंपला हवाच.

तलंगांना रात्रभर बल्ब? अजिबात नाही. दुकानदार म्हणतो 'महिनाभर आधी अंडी', तो बूड बाहेर आलेली कोंबडी बघायला येत नाही. मी बघितल्यात: कच्चं अंग, त्यात अंडं, बूड बाहेर, आणि लाल दिसताच बाकीच्यांनी टोचून आतडी ओढलेली. वाढीच्या वयात उजेड वाढवायचा नाही. १८ आठवड्यांनंतर वजन भरलं असेल तरच हळूहळू वाढवा. पुन्हा सांगतो, वजन भरल्यावर.

खुडूक म्हणजे डोक्यात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक चढलेलं. ते जीएनआरएचची साखळी दाबतं, म्हणून अंडी बंद. पोटाखालची ऊब मिळत राहिली की ते चढलेलंच राहतं. पिल्लं हवी असतील तर बसू द्या, गावरानाचा तो गुणच आहे. नको असतील तर अंडी रोज उचला आणि कोंबडीला तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या, पेंढा नसलेल्या, उजेडातल्या पिंजऱ्यात ठेवा. खालून वारा लागला की पोट थंड होतं, खूळ उतरतं. दाणापाणी चालू ठेवा. पाण्यात बुचकळणं, नाकात पीस घालणं बंद करा. आणि यावरही कुणी इंजेक्शन विकत असेल तर दारातूनच परत पाठवा.

अनुदानाचं थोडक्यात: राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनाला ५० टक्के भांडवली अनुदान आहे, पण ते मोठ्या युनिटला. शंभर पक्ष्यांसाठी त्यामागे धावू नका. टाइमर आधी आणा.