गूफी ससा बदलू नका

प्रश्न : बाई, मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाईनचं काम करतो. लहान मुलांच्या टॉवेलसाठी मी एक ससा काढला होता. एक कान पडलेला, डोळे जरा तिरळे, पुढचे दोन दात बाहेर. अमेरिकेच्या बायरचा मेल आला, ‘द बनी लुक्स सो गूफी, किड्स विल लव्ह इट.’ मालकांनी डिक्शनरी काढली, तिथं ‘मूर्ख, बावळट’ असा अर्थ निघाला. ससा बदलून टाक म्हणाले. त्याच मेलमध्ये बीच टॉवेलवरच्या माणसाबद्दलही लिहिलंय, ‘द सर्फर इज गूफी, दॅट्स फाइन.’ माझी दोन्ही डिझाईनं बावळट ठरली का?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ससा अजिबात बदलू नका. मालकांना हे उत्तर वाचून दाखवा, पण आधी त्या दोन डोळ्यांना आणि पडलेल्या कानाला हात लावू देऊ नका. बायरनं तुमचं कौतुक केलंय.

डिक्शनरी खोटं बोलत नाही, पण ती शब्दाचं वजन सांगत नाही. आपण ‘बावळट’ म्हणतो तेव्हा समोरच्याला कमी लेखतो. गूफीमध्ये तसं कमी लेखणं फारसं नसतं. ज्याच्याकडे बघून हसू येतं आणि हसता हसता तो आवडायलाही लागतो, तो गूफी. फोटो काढताना मुद्दाम डोळे फिरवणारा भाऊ गूफी, लग्नात ताल सोडून मन लावून नाचणारे काका गूफी. आपल्या सोलापुरात आजी नातवाला जवळ ओढून ‘येडंय गं माझं लेकरू’ म्हणते ना, त्या ‘येडं’च्या अगदी शेजारी हा शब्द बसतो. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात तेच ‘पिच्चोडा’ होतं, कन्नड घरात ‘हुच्चा’. तिन्ही शब्दांचा अर्थ वेडा, आणि तिन्ही भाषांत तो मांडीवरच्या पोराला लाडानं म्हणतात. मालकांच्या घरीही म्हणत असतील, विचारून बघा.

हा शब्द मूळचा अमेरिकेच्या बोलण्यातला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं खुळ्या माणसाला ‘गूफ’ म्हणू लागले, त्यावरून गूफी. डिस्नेच्या लांब कानांच्या कुत्र्यावरून शब्द आला असं पुष्कळांना वाटतं, ते उलटं आहे. तो कुत्रा 1932 साली पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा त्याचं नाव डिपी डॉग होतं. गूफी हे नाव त्याला नंतर मिळालं, शब्द आधीपासून होताच. पण त्या कुत्र्यानं शब्दाला माया मिळवून दिली हे खरं. धडपडणारा, कुणाचं वाईट न चिंतणारा असा तो प्राणी आहे, आणि आज अमेरिकन माणूस गूफी म्हणतो तेव्हा तेच चित्र कुठंतरी त्याच्या मनात असतं.

बायर इंग्लंडचा असता तर तो सशाच्या दातांबद्दल तर बोलत नाही ना, असं मी तुम्हाला उलट विचारलं असतं. तिकडे गूफी म्हणजे पुढचे दात बाहेर असलेला, असाही अर्थ आहे. ‘गूफी टीथ’ म्हणतात. माणसाबद्दल म्हटला तर तो शब्द मनाला लागतो, शाळेत दात पुढं असलेल्या मुलांना त्यावरून चिडवतात, म्हणून इंग्रज माणसासमोर कुणाच्या चेहऱ्याबद्दल तो वापरू नका. सशाचे दात बाहेरच असायचे, त्यामुळे तुमचा ससा दोन्ही देशांत सुखरूप आहे.

मात्र याच घराण्यातली क्रियापदं कामाच्या मेलमध्ये आली तर सावध व्हा. ‘समवन गूफ्ड अप’ असं आलं तर कुठंतरी चूक झालीय, रंग किंवा साइज लगेच तपासा. ‘वी गूफ्ड’ म्हणजे बायर स्वतःची चूक कबूल करतोय, अशा वेळी मोठ्या मनानं उत्तर द्यायचं. ‘गूफिंग ऑफ’ म्हणजे कामचुकारपणा. तो शब्द तुमच्या मशीनवरच्या पोरांबद्दल आला तर ते कौतुक नव्हे, ती तक्रार आहे. आणि तुम्ही स्वतः बायरच्या लोगोला, त्याच्या नमुन्याला, त्याच्या सूचनेला गूफी म्हणू नका. हा शब्द ओळख वाढल्यावरचा आहे. स्वतःच्या वस्तूबद्दल खुशाल वापरा.

एक वाचक गेल्या महिन्यात म्हणाले, गूफी आणि सिली एकच. नाही. सिली रागानंही म्हणता येतं, ‘सिली मिस्टेक’ म्हणून पेपरावर लाल शेरा मारता येतो. तिथं गूफी लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. पार्क मैदानावर फलंदाजाच्या नाकासमोर उभं राहतात त्या सिली पॉइंटमधला सिली तर वेगळाच, इतक्या जवळ उभं राहणं हाच वेडेपणा म्हणून ते नाव.

आता तुमचा सर्फर. इथं येडं, लाडकं, काहीच नाही, हा खेळातला साधा शब्द आहे. लाटेवर फळीवर उभं राहताना बहुतेक जण डावा पाय पुढं ठेवतात, त्याला ‘रेग्युलर’ म्हणतात. उजवा पाय पुढं ठेवणारा तो ‘गूफी’. आपल्याकडे डावखुरा म्हणतात तितकंच ते सरळ आहे. स्केटबोर्डवाल्यांतही हेच दोन शब्द चालतात. तुमच्या चित्रातला माणूस उजवा पाय पुढं टाकून उभा असणार, बायरनं ते पाहिलं आणि चालेल म्हणाला. तसंही तुमचा टॉवेल जॅकार्डचा, म्हणजे चित्र छापलेला नसून विणलेला असेल तर उलट्या बाजूला रंगांची अदलाबदल होऊन तेच चित्र आरशातल्यासारखं दिसतं, म्हणजे मागच्या बाजूला तो माणूस आपोआप रेग्युलर झालेला असतो.

मेलला उत्तर आजच पाठवा. ‘थँक यू, वी लव्ह हिम टू’ एवढं पुरे. सशाला ‘इट’ नको, ‘हिम’ लिहा. आणि सॅम्पलमध्ये ते दोन दात पांढऱ्या पाइलमध्ये, म्हणजे टॉवेलवरच्या उभ्या धाग्यांत, स्पष्ट उठलेत का, तेवढं माल निघण्याआधी स्वतः बघून घ्या.