ब्रशखाली ठिणग्या का उडतात?

प्रश्न : ४ पोलची (चुंबकीय ध्रुवांची) डीसी मोटर रिवाइंड करून आणली, रिकामी मस्त चालते पण लोड टाकला की ब्रशच्या, म्हणजे फिरत्या भागाला करंट देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांच्या, खाली ठिणग्या. ब्रश नवे टाकले तरी तेच. वाइंडिंग लॅपचं वेव्ह झालं असेल का?

उत्तर : तसं वाटत नाही. लॅप आणि वेव्ह म्हणजे आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) कॉइल जोडायच्या दोन पद्धती. लॅपमध्ये जितके पोल तितके पॅरलल पाथ (करंटच्या समांतर वाटा), म्हणजे तुमच्याकडे ४, आणि वेव्हमध्ये पोल कितीही असू देत पाथ २च, त्यामुळे वाइंडिंग बदललं असतं तर स्पीडच पार बदलला असता आणि ते तुमच्या आधीच लक्षात आलं असतं.

आता बघा, आर्मेचर ४० अँपिअर घेत असेल तर लॅपच्या प्रत्येक कॉइलमधून १० जातात, आणि ती कॉइल ब्रशखाली शॉर्ट असते तेवढ्या क्षणात हे १० पूर्ण उलटे व्हायला हवेत, पण कॉइलचं इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) आडवं येतं, करंट मागे राहतो आणि ब्रश सुटताना तोच ठिणगी बनून उडतो. करंट उलटवायला मदत म्हणून मेन पोलच्या मधे बारीक इंटरपोल असतात, आर्मेचरच्या सिरीजमध्ये, म्हणजे लोड वाढला की त्यांचा जोरही वाढतो. माझा संशय तिथेच आहे, जोडताना टोकं उलटी लागली असणार (हे फार होतं हो!). मोटरमध्ये इंटरपोलची पोलॅरिटी फिरण्याच्या दिशेने त्याच्या मागच्या मेन पोलसारखी लागते, जनरेटरमध्ये पुढच्यासारखी. आधी ते तपासा, आणि तोवर कम्युटेटरला (ब्रश ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासतात तो भाग) पॉलिश पेपर लावत बसू नका.