जबड्याच्या सांध्याला सगळं टायटॅनियमच का नको?

तुम्ही विचारलंय, जबड्याचा कृत्रिम सांधा घेताना कोबाल्ट-क्रोम (कोबाल्ट नि क्रोमियमचा मिश्रधातू) टाळून पूर्ण टायटॅनियमचाच घ्यावा का. नको. याच मुद्द्यावर परळला इस्पितळाच्या जिन्यात मेहुण्यांशी माझं कडाक्याचं भांडण झालंय, म्हणून लिहितो.

बायको आठ वर्षांची असताना चाळीच्या जिन्यावरून हनुवटीवर पडली. पुढे सांधा हाडाने जुळून गेला. लग्नात घास भरवताना तिच्या दातांत माझं बोटही जाईना. जिलबी चुरून दिली. पोळी कायम वरणात कुस्करून. शेवटी दोन्ही बाजूंचे सांधे बदलायचे ठरले, तर मेहुणे हटून बसले, "ताईला शुद्ध टायटॅनियमच. कोबाल्ट विषारी."

मी भांडुपला टूलरूममध्ये २६ वर्षं काढली. टायटॅनियम हलकं, गंजत नाही, हाड त्याला धरतं, सगळं कबूल. पण घासायला ते वाईट. ओरखडे पडतात, काळी भुकटी सुटते. म्हणून तिच्या सांध्यात हाडावर स्क्रूने बसणारी पट्टी टायटॅनियमच्या मिश्रधातूची, त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम नि ४ टक्के व्हॅनेडियम. म्हणजे 'शुद्ध' तेही नाही. फिरणारं डोकं कोबाल्ट-क्रोम-मॉलिब्डेनमचं आणि ते ज्या वाटीत फिरतं, तिला यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन, म्हणजे झिजेला टिकणारं प्लास्टिक. कठीण शाफ्टला मऊ बुश घालतात, तसंच. डोकं नि वाटी दोन्ही टायटॅनियमची करणाऱ्याला मी कारखान्यात उभं केलं नसतं. आणि घासणारा भाग चुकला तर काय होतं, ते अमेरिकेत १९८०च्या दशकात दिसलं: टेफ्लॉनच्या थराचे रोपण चावण्याच्या दाबाने झिजले, त्या कणांनी आजूबाजूचं हाड खाल्लं, शेवटी ते बाजारातून माघारी घ्यावे लागले.

आज ती अख्खा वडापाव दातांनी तोडून खाते.

आता निकेल. कोबाल्ट-क्रोममध्ये ते साधारण एक टक्क्याच्या आत असतं, पण असतं. खोट्या कानातल्यांनी कान चिघळत असतील तर ऑपरेशनआधी पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर पट्टी लावून ॲलर्जीची तपासणी, करा. पाठीवरच्या पट्ट्या दोन दिवसांनी काढतात आणि त्यानंतरही पुन्हा बघतात. ॲलर्जी निघाली तर मी वर लिहिलेलं बाजूला ठेवा. तेव्हा टायटॅनियमच्या डोक्याचाही विचार होतो, ते सर्जनशी बोला. हिची टेस्ट कोरी आली होती.

ऑपरेशननंतर रोपणाच्या खोक्यावरचे स्टिकर मागून घ्या, एमआरआयच्या वेळी लागतात. आमचे फाइलमध्ये लावलेत. मेहुण्यांनी गणपतीत येऊन वाचावेत.