कोकणातल्या आमच्या गावची बस वेळेवर यावी आणि म्हाताऱ्या माणसांना तिच्यात चढता यावं, यासाठी गावकऱ्यांना काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की गावाला दिवसाला चार फेऱ्या कागदावर आहेत, त्यातली कुठली येईल याचा नेम नाही, आणि आजीला पायरी चढवत नाही म्हणून दवाखान्यात जायला रिक्षा करावी लागते. मी गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या गावात राहतो. आमच्या गावच्या गाडीसाठी आम्ही काही जण बरीच वर्षं खटपट करतोय. त्यावरून सांगतो: जादा फेऱ्या मागू नका. आधी सकाळची एक आणि संध्याकाळची एक, एवढ्या दोन फेऱ्या पक्क्या करून घ्या.

एसटीच्या कुठल्याही आगारात फेरीचा हिशोब भारमानावर, म्हणजे किती सीटा भरल्या यावर होतो. गाडी लागोपाठ दोनतीनदा चुकली की कॉलेजची पोरं आणि बाजाराला जाणाऱ्या बायका वडाप, म्हणजे सीटवर भरणारी खासगी गाडी, धरतात. मग गाडी आली तरी रिकामी जाते, भारमान पडतं आणि तोच आकडा दाखवून फेरी बंद होते. चार बेभरवशाच्या फेऱ्या मिळून जेवढे प्रवासी धरून ठेवत नाहीत, तेवढे दोन वेळेच्या फेऱ्या धरतात.

सकाळची फेरी वाचवायची तर वस्तीची गाडी टिकवा, बाकी सगळं त्यानंतर. रात्री गाडी गावातच उभी असेल तर पहाटे आगारातून काही सुटायची वाट बघावी लागत नाही. पण ड्रायव्हर-कंडक्टर झोपणार कुठे? गाडीतच, डास मारत? आमच्याकडे ग्रामपंचायतीने एक खोली दिली: पंखा, मच्छरदाणी, पाण्याची टाकी आणि आतून कडी लागणारा संडास. घाटावळणाच्या रस्त्यावर पहाटे पोरांनी भरलेली गाडी नेणाऱ्या माणसाची झोप झालेली हवी, हे गावाने आपलं काम मानलं पाहिजे. गाडी वळवायला जागा मोकळी ठेवा. मिरग लागायच्या आत रस्त्यावर झुकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या मालकांना विचारून तोडून घ्या. आरसे आणि काचा फुटतात त्या याच फांद्यांनी, आणि मग ‘रस्ता वाहतुकीस योग्य नाही’ असा शेरा पडायला वेळ लागत नाही.

आता आजीचं. गाडीची पहिली पायरी जमिनीपासून उंच, त्यात पावसाने साइडपट्टी वाहून गेली की ती आणखी वर जाते. थांब्यावर चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, एक थर लावून लांबट चौथरा बांधा. दार उघडताना अडणार नाही एवढीच उंची ठेवा आणि गाडी नेमकी जिथे टेकते तिथेच तो बांधा, त्यासाठी ड्रायव्हरलाच आधी विचारा. वरून गुळगुळीत कोबा करू नका. जांभ्यावर शेवाळ धरतंच, कोब्यावर तर पाय सरळ सटकतो. खरबरीत सिमेंट काढून आडव्या रेघा मारा. शेजारी धरायला एक पाइप हवाच. रस्ता जिल्हा परिषदेचा की बांधकाम खात्याचा ते बघून परवानगी घ्या, नाहीतर पुढच्या रुंदीकरणात चौथरा पहिला जाईल.

आणखी एक, कारण हे मी नेहमी ऐकतो. 75 च्या पुढच्यांना 2022 पासून प्रवास मोफत आहे, बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट. त्यामुळे ‘आपण फुकट जातो, आपण कुठल्या तोंडाने तक्रार करायची’ असं म्हातारी माणसं म्हणतात. त्यांना सांगा, या सवलतीचे पैसे राज्य सरकार एसटी महामंडळाला भरून देतं. तुमच्या आजीचं शून्य रुपयांचं तिकीटही तिकीटच आहे. म्हणून ते दर वेळी मागून घ्या, नाहीतर गाडीत बसूनही माणूस हिशोबात येत नाही.

वेळेच्या बाबतीत आगाराकडे फक्त ‘वेळेवर सोडा’ म्हणून उपयोग नाही, वेळ कशाला जुळली पाहिजे ते लिहून द्या. शाळेची घंटा, ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी, आमच्यासारख्यांना धोपावे-दाभोळ फेरीबोट, राजापूरकडच्यांना शहरापासून लांब असलेलं राजापूर रोड स्टेशन. गणपतीत चाकरमान्यांच्या परतीसाठी गाड्या वळवल्या जातात आणि गावच्या फेऱ्या कापल्या जातात. चाकरमानी आपलेच, त्यांना गाडी हवीच. पण कुठल्या तारखेला कुठली फेरी नाही याची यादी आधी मागून घ्या आणि देवळात, दुकानात लावा.

अर्ज ग्रामसभेच्या ठरावासकट द्या आणि पोच शिक्क्यासह घ्या. त्याआधी वहीत तारीख, फेरीची वेळ आणि आली-नाही आली एवढी नोंद महिनाभर ठेवा; शाळेतली मोठी मुलं हे काम आनंदाने करतात. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारा: या मार्गावर तीन महिन्यांत किती फेऱ्या रद्द झाल्या, प्रत्येकीचं कारण काय, रद्द किलोमीटर किती. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते आलं की तुमच्या वहीशी ताडून बघा आणि जिथे फरक दिसेल, तेवढ्याच तारखा घेऊन विभाग नियंत्रकांना भेटा. आजीला सोबत न्या, जमलं तर.